ओटीपी दिलाच कसा, हे विचारणाऱ्यांनो

'सर, तुमच्या क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाराला लॅप्स होणार.' पुण्यात हा फोन न आलेलं घर दाखवा! कधी लिमिट वाढवून देतात, कधी केवायसी संपतं, कधी एमएनजीएलचं, म्हणजे पाइप गॅसचं, बिल थकलं म्हणून गॅस तोडायची धमकी. आणि माणूस फसला की सगळे त्याच्यावरच तुटून पडतात, 'ओटीपी दिलाच कसा?'

अहो, सवय कोणी लावली? बँकांनीच! कार्ड विकणारी त्यांची माणसं आजही साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करतात आणि 'व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा' म्हणतात. मग 1600 ची मालिका कशाला दिली आहे? सेवेचे फोन तिथून, विक्रीचे 140 वरून, हा नियम. मोबाइल नंबरवरून 'बँक' बोलली की फोन कापा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथेही भामटे बसलेत.

समोरचा कार्डाचे पहिले सहा आकडे धडाधड वाचतो आणि लोकांचा विश्वास बसतो. त्या आकड्यांवरून फक्त बँक आणि कार्डाचा प्रकार कळतो. तसल्या असंख्य कार्डांवर तेच असतात. नाव-पत्ता तर फुटलेल्या याद्यांत मिळतो. 'व्यवहार रद्द करायला ओटीपी द्या' हे धादांत खोटं! मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव असतं, ते आधी वाचा.

ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं. बँकेच्या म्हणून आलेल्या लिंकमध्ये नावाचा शेवट तसा नसेल तर तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट अॅप टाकणारी फाइल, तर उघडूच नका. ती मेसेज वाचायची परवानगी मिळवते आणि ओटीपी परस्पर पळवते.

आणि परदेशी व्यवहार अॅपमधून आत्ताच बंद करा. कित्येक परदेशी साइट ओटीपी मागतच नाहीत, कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा छोटा गुप्त आकडा, पुरतो. हे बटण द्यायला रिझर्व्ह बँकेनं 2020 मध्येच लावलं, पण कार्ड विकताना सांगतंय कोण? लाउंज आणि कॅशबॅक मात्र तोंडपाठ!

पैसे गेलेच तर आधी अॅपमधून कार्ड लॉक, मग बँक, मग लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. शिवाजीनगरच्या सायबर ठाण्यात नंतर जा. पैसा पुढच्या खात्यांत अडवायचा तर पहिल्या काही मिनिटांनाच किंमत आहे. तक्रार क्रमांक लिहून घ्या, बँकेला ईमेलही टाका, म्हणजे तारीख-वेळ नोंद राहते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर शून्य भार. बँकेनं 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची. ओटीपी दिला असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचंच. काउंटरवर 'पोलिसांत जा' म्हणून हाकललं तर हा नियम दाखवून लेखी उत्तर मागा आणि 30 दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ठोका, एक पैसा लागत नाही.