चाळीस बैल, एक बादली

‘मातीचा बैल तयार करणे’ असं टाचणवहीत लिहायला अर्धी ओळ पुरते. साहित्य : माती, पाणी. वेळ : ३५ मिनिटे. ज्या कोणी ही तासिका आखली, त्याने तिसरीच्या ४० पोट्ट्यांपुढे ओली माती ठेवून पाहिलेली नसावी. नुसते हात धुवायलाच वीस मिनिटं जातात.

हे बैल पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी नागपुरात शाळा बंद, महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, गल्लोगल्ली चाकांचे लाकडी नंदी. तेव्हा वर्गातले बैल आठवडाभर आधी वळून व्हायला हवेत, आणि तो आठवडा नेमका पावसाचा. मे महिन्यात दोरीवर टाकलेला दुपट्टा बघता बघता वाळवणारं हे गाव श्रावणात एक वीतभर बैल वाळवायला चार-पाच दिवस घेतं.

मैदानातली काळी माती फुकट मिळते, मुख्याध्यापकांना फार आवडते. पण ती पाण्याने फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडतात तशा भेगा बैलाच्या पाठीला पडतात. त्यापेक्षा शाडू बरी. गणपती तोंडावर असतात, मूर्तिकारांच्या चितार ओळीत मूर्तींची धांदल असते, त्यामुळे या दिवसांत ती सहज मिळते. प्रत्येकी पाव किलोप्रमाणे १० किलो, वर २ किलो जास्तीची. कारण थोडी बाकाखाली जाते, थोडी शेजारच्याच्या केसांत. माती आदल्या दिवशी भिजवून, मळून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. हाताला चिकटेनाशी झाली की समजावं, जमली.

यानंतर वर्गातली बादली लपवायची. मी हे गंभीरपणे सांगते आहे. ओली माती गुळगुळीत दिसते, म्हणून पोरं बैलाला पाणी लावतात. पाय बसतात, म्हणून पुन्हा माती लावतात. ती चिकटत नाही, म्हणून पुन्हा पाणी. पाच जणांत बाटलीचं एक झाकण भरून पाणी द्यावं. बाटली देऊ नये. तरी तक्रार येतेच : ‘‘मॅडम, हा माह्या बैलाले पाणी पाजून राहिला!’’

पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूडच हवेत. लांब, डौलदार पायांचा बैल तासिका संपायच्या आत बसतो आणि मग उठत नाही. पाय, मान, वशिंड नुसतं दाबून चिकटवलं की वाळल्यावर गळून पडतं. दोन्ही बाजूंना दातकोरणीने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. पोट भरीव ठेवलं तर वरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि भेग पडते. म्हणून पोटाखालून अंगठ्याने पोकळी करून घ्यावी. वशिंड मात्र विसरू देऊ नये. त्याच्याशिवाय डुक्कर तयार होतं.

शिंगांसाठी पोरं ओल्या मातीत खराट्याच्या काड्या खोचतात. माती आक्रसते, काडी आक्रसत नाही, डोकं दुभंगतं. काडीने आधी थोडं सैल भोक पाडून ठेवायचं आणि वाळल्यावर फेविकॉल लावून शिंग बसवायचं. तोवर ४० बिनशिंगी जनावरं पाहून पालक विचारतात, ‘‘मॅडम, उंदीर काहून केले?’’

बैल सावलीत वाळवावेत, पहिला दिवस ओलसर कापडाखाली. पंख्याखाली ठेवले तर एक बाजू आधी सुकून भेगाळते. वाळला की नाही हे गालाला लावून कळतं : गार लागला तर आत ओल आहे. ही परीक्षा पोरांना भलतीच आवडते, त्यामुळे सकाळी ४० गाल पांढरे. ओल असताना पोस्टर कलर लावला तर दोन दिवसांत पापुद्रे निघतात. आधी पांढऱ्याचा एक हात, मग झुलीचे रंग, बेगड सगळ्यात शेवटी.

मातीचे हात बेसिनमध्ये धुऊ देऊ नका. शाडू खालच्या वाकड्या नळीत जाऊन बसते आणि प्लंबरला कार्यानुभव मिळतो. लपवलेली बादली आता काढायची. तिच्यात हात धुवायचे, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी झाडांना, गाळ पुढच्या वर्षाला.

एखादा बैल हुबेहूब बैलासारखा दिसला, तर तो घरी बाबांनी वळला असं बिनदिक्कत समजावं. मी आकारिक नोंदीत वाकड्या तोंडाच्या बैलाला वरची श्रेणी देते. ज्याचं तोंड वाकडं, त्याचं डोकं चाललं.

बैल घरी पाठवताना एकच सूचना द्यायची, आणि ती तीनदा द्यायची : ही माती भाजलेली नाही, हिला पाणी लावू नका. पोरं मान डोलवतात. पण पोळ्याच्या सकाळी बैलांना अंघोळ घालायची असते, हे आपणच त्यांना परिसर अभ्यासाच्या तासाला शिकवलेलं असतं. म्हणून सुटीनंतर वर्गात येताना थोडी मळलेली शाडू सोबत असू द्यावी.