इंजिन स्वॅप आणि ईसीएम: फिरत असलेल्या एका सल्ल्याला उत्तर

इंजिन स्वॅप करणाऱ्यांमध्ये एक मेसेज बराच फिरतोय. त्याचं सार असं: दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवताना त्याचा मूळ ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, यालाच ईसीयूही म्हणतात) शोधत बसू नका, तो इमोबिलायझरने (चोरीविरोधी कुलपाने) लॉक असतो. सरळ स्टँडअलोन, म्हणजे बाजारात वेगळा मिळणारा, हवा तसा सेट करता येणारा ईसीयू घ्या. वायरिंग निम्म्यावर येतं, बेस मॅप (पेट्रोल आणि टायमिंगचे तयार तक्ते) टाकला की गाडी सुरू, पुढचं ऑटोट्यून (तक्ते आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर) बघून घेतं, वर तीस टक्के पॉवर वाढते. पैसे कमी असतील तर गाडीतला जुनाच ईसीएम राहू द्या, कंपनी एक असली की चालतो. आणि आरटीओवाले ईसीयू उघडून बघत नाहीत, तेव्हा ती काळजी नको.

हे वाचून लोक खरोखर पैसे घालताहेत आणि इंजिनं घालवताहेत. म्हणून सविस्तर लिहितो. उदाहरणाला आपल्याकडचा ओळखीचा स्वॅप घेऊ: एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) मारुती जिप्सीत जुन्या बलेनो सेदानचं १.६ लिटरचं इंजिन. जिप्सीचं जी१३बीबी आणि बलेनोचं जी१६बी एकाच घराण्यातली, त्यामुळे ‘ईसीएम तोच ठेवा’ हा सल्ला इथे सर्रास ऐकू येतो.

सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं, म्हणून तो आधी. जिप्सीचा ईसीएम आत जाणारी हवा थेट मोजत नाही. मॅप सेन्सरवरून (हा मॅप म्हणजे तक्ता नव्हे, दाब मोजणारा सेन्सर) मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या नळीतला दाब, सोबत आरपीएम आणि हवेचं तापमान एवढं तो बघतो आणि आत साठवलेल्या तक्त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. तो तक्ता १२९८ सीसीच्या इंजिनासाठी बनवलेला आहे. इंजिन १५९० सीसीचं झालं की त्याच दाबाला साधारण २२ टक्के जास्त हवा आत जाते, पेट्रोल मात्र जुन्याच हिशोबाने पडतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट पकडतो आणि ईसीएम ती भरून काढतो. गाडी शहरात छान पळते आणि मालक खूश होतो. पण पूर्ण रेस दिली की ईसीएम त्या सेन्सरकडे बघणं सोडून तक्त्यावर जातो, आणि आधी केलेली भरपाई तिथे पुरी पडेल याचा भरवसा नसतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला असताना इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच ते कमी पडतं. मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठकठक), आणि पुढे पिस्टन किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मोठे इंजेक्टर लावून पेट्रोलचा हिशोब जवळपास आणता येईलही, पण इग्निशन टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पाडायची याचा, तक्ता १३०० सीसीचाच राहतो. दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरची रुंदी) जवळपास सारखा, ७४ आणि ७५ मिलिमीटर. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मात्र ७५.५ वरून थेट ९० वर गेलेला आहे, म्हणून जुनं टायमिंग याला जुळत नाही. या इंजिनाला त्याचाच ईसीएम लागतो.

आता लॉकचं. इमोबिलायझरला लोक उगाच घाबरतात. किल्लीच्या डोक्यातली चिप, इग्निशन लॉकभोवतीची अँटेना कॉइल, ती वाचणारं युनिट आणि ईसीएम हा एकमेकांना ओळखणारा संच असतो. मारुतीची आयकॅट्स ही चोरीविरोधी व्यवस्थाही याच जातीची. भंगारातून नुसता ईसीएम उचलला तर गाडी सुरू होणार नाही, हे अगदी खरं. पण चारही वस्तू एकाच गाडीच्या घेतल्या तर त्या नव्या गाडीतही एकमेकांना ओळखतात. जुन्या गाड्यांत तर ही व्यवस्थाच नसते. अलीकडच्या गाड्यांबाबत मेसेजचं म्हणणं थोडं पटतं. त्यांचा ईसीएम कॅन लाइनवरून (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरवरून) एबीएस, मीटर, बॉडी कंट्रोल युनिट सगळ्यांशी बोलत असतो, आणि त्यातलं एक जरी हजर नसलं तरी कुरकुर करतो. तिथे मूळ ईसीएम चालवणं खरोखर जिकिरीचं आहे. पण तिथेच थ्रॉटलही (इंजिनात हवा सोडणारी झडप) इलेक्ट्रॉनिक असतो. पेडलमध्ये दोन सेन्सर, थ्रॉटल बॉडीत दोन, आणि जोडीतले आकडे जुळले नाहीत तर ईसीएम स्वतःहून पॉवर काढून घेतो. स्वस्तातल्या स्टँडअलोनमध्ये ही सोय एक तर नसते किंवा अर्धवट असते. थ्रॉटल उघडा अडकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

‘वायरिंग निम्म्यावर येतं’ हे कुठून आलं कळत नाही. इंजेक्टर चार ते चारच, क्रँक, कॅम, टेंपरेचर, थ्रॉटल, ऑक्सिजन सेन्सर तेवढेच. प्रत्येकाची वायर दोन्हीकडे ओढावीच लागते. कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) क्रँक सेन्सरच्या वायरला शिल्ड असते आणि ती एकाच टोकाला अर्थ केलेली असते. सेन्सरांची अर्थ बॉडीला न जाता ईसीएमकडे परत जाते. घरी ओढलेल्या हार्नेसमध्ये हेच चुकतं, आणि मग चार हजार आरपीएमला गाडी का मिसिंग करते याचा शोध कित्येक दिवस चालतो.

बेस मॅप आणि ऑटोट्यूनबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो हे स्टँडअलोन ईसीयू चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ऑटोट्यून करतं काय? वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) बघून पेट्रोलच्या तक्त्यातले आकडे सुधारतं, तेही गाडी ज्या आरपीएम आणि लोडला चालली तेवढ्याच खान्यांत. इग्निशन टायमिंगला ते हात लावत नाही. आधी तर टायमिंग लाइट पुलीवर मारून बघावंच लागतं, की लॅपटॉपवर १० अंश दिसताहेत तर पुलीवरही १० आहेत का. ट्रिगर व्हीलचा (क्रँकची जागा सांगणाऱ्या दातेरी चकतीचा) कोन चुकीचा भरला असेल तर स्क्रीनवर १० आणि प्रत्यक्षात २० असू शकतात, आणि स्क्रीन तुम्हाला ते कधीच सांगणार नाही. थंड इंजिनाचं स्टार्टिंग वेगळंच. त्याची सेटिंग बघायला इंजिन पूर्ण थंड व्हावं लागतं, म्हणजे दिवसाला एखादाच प्रयत्न, आणि डिसेंबरात जुळवलेलं मे महिन्यात पुन्हा बघायचं. मेगास्क्वर्ट हवेचा बाहेरचा दाब साधारणपणे चावी फिरवताना एकदाच मोजतो. पुण्याहून निघून इंजिन बंद न करता महाबळेश्वरला पोहोचलात तर त्याच्या लेखी तुम्ही अजून पुण्यातच. वेगळा दाब सेन्सर लावला की हे सुटतं, पण मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही.

शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, याला साधारण १३.५ पट. परदेशातून उतरवलेला बेस मॅप शुद्ध पेट्रोलवरचा असेल तर तो सुरुवातीपासूनच सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी.

तीस टक्के पॉवर? टर्बो नसलेल्या, आतून काहीही न बदललेल्या इंजिनात जाणारी हवा तेवढीच राहते. हेड तेच, कॅम तीच. कंपनीने टायमिंग थोडं सावध ठेवलेलं असतं, त्यातून काही टक्के निघतील. त्यापलीकडचं सांगणारा माल विकायला बसलाय.

आरटीओचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. ईसीयू कुणी उघडून बघत नाही हे खरं, पण इंजिन नंबर आणि सीसी आरसीवर असतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी रस्त्यावर आणायची असेल तर आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगीचं विचारा, इंजिन नंतर घ्या. अपघात झाला तर विमा कंपनी काय बघेल याचाही विचार करा.

स्टँडअलोन कधी घ्यायचा? टर्बो बसवताय, कॅम बदललीय, चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी लावताय, कार्ब्युरेटरच्या इंजिनाला इंजेक्शन करताय, किंवा ईसीएम कुठेच मिळत नाही, तेव्हा जरूर घ्या. त्यासोबत वाइडबँड आणि ट्यूनरच्या फीचे पैसे बाजूला ठेवा, कारण नुसत्या डब्याने काही होत नाही.

बाकीच्यांनी इंजिन गाडीतून उतरवण्याआधी भंगारवाल्याकडे जायचं. त्या गाडीच्याच किल्लीने सुरू करून, पूर्ण गरम होईपर्यंत चालवून, चेक लाइट विझलेला बघायचा. मग ईसीएम, हार्नेस, किल्ली, लॉकवरची कॉइल आणि इमोबिलायझरचं युनिट एकाच पोत्यात भरून घ्यायचं. हार्नेस कापू देऊ नका, हजार-दोन हजार जास्त मागितले तरी कप्लर सोडवूनच काढायला लावा.