‘बेकायदा होतं म्हणून पाडलं’ एवढं म्हणून भागत नाही

“दंगलखोराचं घर पाडलं तर पोटात का दुखतं? बांधकाम बेकायदाच होतं, नोटीसही दिली होती. कोर्टात वीस वर्षं जातात.” हा मेसेज गटागटांत फिरतो आहे. त्यातला एकेक दावा तपासू.

“बेकायदाच होतं.” असेलही. पण मग शेजारची तशीच घरं उभी कशी? सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात (न्या. भूषण गवई, न्या. के. व्ही. विश्वनाथन) नेमकं यावर बोट ठेवलं: परिसरातल्या तशाच बांधकामांना हात न लावता एकच अचानक निवडलं, तर खरा हेतू खटल्याविना शिक्षा देण्याचा होता असं मानता येईल. नागपुरात १७ मार्च २०२५ ला हिंसाचार झाला आणि २४ मार्चला एका आरोपीचं घर पडलं. उच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत घर उरलंच नव्हतं. अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश ठाऊक नव्हते, असं सांगत महापालिका आयुक्तांनी नंतर माफी मागितली. माफीनं भिंती उभ्या राहत नाहीत.

“नोटीस दिली होती.” कसली? चोवीस तासांची चिठ्ठी म्हणजे नोटीस नव्हे. २०२४ च्या त्याच निकालातल्या निर्देशांनुसार कारणे दाखवा नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं पोचपावतीसह जायला हवी, शिवाय घराच्या दर्शनी भागावर चिकटवायला हवी. मुदत किमान १५ दिवस, तीही हातात पडल्यापासून. नोटीस बजावताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल जातो, कारण मागची तारीख टाकण्याची वाट तिथे बंद होते. पुढे प्रत्यक्ष सुनावणी, तिचं इतिवृत्त आणि कारणांसह अंतिम आदेश. दंड भरून नियमित होण्याजोगं बांधकाम आहे का, फक्त वाढीव भाग पाडून भागेल का, पाडण्यावाचून इलाजच का नाही, हे त्या आदेशात लिहावं लागतं. बहुतेक फायली इथेच लंगड्या पडतात. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस. पाडण्याआधी दोन पंचांच्या सहीचा तपासणी अहवाल हवा आणि पाडकामाचं चित्रीकरण व्हायला हवं.

“मग रस्त्यावरची अतिक्रमणंही हटणार नाहीत.” साफ चूक. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. न्यायालयानंच पाडायला सांगितलं असेल तिथेही नाहीत.

“वीस वर्षं जातात.” इथे दोनदा पंधरा दिवस आणि मधली सुनावणी, एवढाच हिशेब आहे. तो टाळला की काय होतं ते प्रयागराजमध्ये दिसलं. २०२१ च्या पाडकामाबद्दल १ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या विकास प्राधिकरणाला घरमालकांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला लावले. आता निर्देश मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून अवमान कारवाईबरोबरच वैयक्तिक भरपाईही वसूल होऊ शकते.

नोटीस आलीच तर लखोट्यावरचा टपालाचा शिक्का आणि दारावर चिकटवलेली प्रत यांचा फोटो लगेच काढा. उत्तर लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. सुनावणीची तारीख नोटिशीत नसेल, तर उत्तराची सुरुवात त्याच मुद्द्यानं करा.