कातळावर टिकेल असा बूट

पन्नास किलोमीटर धावायला दम लागतो, असं लोक म्हणतात. लागतोच, पण दम सरावाने येतो आणि फुकट येतो. बुटांचं तसं नाही. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्यापुढे धावलं की ती अल्ट्रा. आमची शर्यत पन्नासची, म्हणजे अल्ट्राच्या घराण्यातलं शेंडेफळ. पण ती देवगड-मालवणकडच्या सड्यांवरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरून, पाणंदींतून, व्हाळांतून आणि शेवटी पुळणीवरून जाणार; तीही नवरात्राच्या आसपास, जेव्हा पाऊस गेलेला असतो आणि नसतोही. नाव नोंदवलं त्या संध्याकाळपासून माझं धावणं जवळजवळ बंद पडलं. वेळच उरला नाही. बूट निवडायचे होते.

सडा लांबून बघणाऱ्याला सपाट वाटतो. देवगडला पवनचक्क्यांचे फोटो काढायला येणारे म्हणतात, काय मोकळं मैदान आहे! त्यांना एकदा तिथे उकिडवं बसवायला हवं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो. वारा लागला की कडक होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बुकानन नावाच्या डॉक्टराने हे मलबारात पाहिलं आणि १८०७ साली ते छापून आलं. आमच्या चिरेखाणीवाल्यांना ते त्याच्या आधीपासून ठाऊक असणार, पण त्यांना छापणारा कोणी भेटला नाही. तर चिऱ्याचं काही वर्षांत जे होतं, ते सड्याचं युगानुयुगं होत आलंय. टीचभर जागेत दहा-वीस भोकं, प्रत्येक भोकाला कड आणि कडेला धार. सरळसरळ किसणी. मे महिन्यात तिच्यावर आपटलात तर गुडघ्याचं खोबरं निघतं. पावसाळ्यात त्याच किसणीवर शेवाळ धरतं. ओला कातळ काळा आणि त्यावरचं शेवाळही काळं, त्यामुळे कातळ कुठे संपला नि शेवाळ कुठे सुरू झालं, हे पाय वर गेल्यावरच कळतं. मधल्या खळग्यांत पाणी आणि त्यात सीतेची आसवं फुललेली. ती तुडवू नयेत म्हणून सज्जनपणे पाय बाजूला टाकावा, तर बाजूला शेवाळच.

सडा उतरला की पाणंद. तिथली तांबडी माती बुटाला एकदा धरली की सोडत नाही. मग भाताच्या मेरा. दोन्हीकडे पीक लोंबीवर आलेलं, घसरलात तर पडण्याआधी शेताच्या मालकाचा आवाज ऐकू येतो. मग गुडघाभर पाण्याचा व्हाळ. शेवटी पुळण.

म्हणजे बुटाचा तळ धारेला दाद न देणारा जाड हवा, पण शेवाळावर चिकटणारा मऊ हवा. चिखलात रुतणारे लांब दाते हवेत, पण कातळावर ते आडवे यायला नकोत. व्हाळातलं पाणी गळून जाईल असं विरळ कापड हवं आणि पुळणीची रेती आत येणार नाही असं घट्टही हवं. स्थळं बघताना अशा अटी घालणारी माणसं गावात आहेत. त्यांची मुलं अजून बिनलग्नाची आहेत.

मग अभ्यास. टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात आणि तो शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत असतो. शून्यवाल्यांचं म्हणणं, माणसाची टाच निसर्गाने जमिनीला टेकवलीय, तुम्ही उचलणारे कोण? बारावाले म्हणतात, आयुष्यभर टाचेचे बूट घातलेल्या माणसाने एकदम शून्यावर उतरावं म्हणजे पोटऱ्यांनी संप पुकारलाच. दोघांचंही बरोबर आहे, आणि ज्याचं म्हणणं मी रात्री शेवटचं वाचायचो त्याच्या बाजूने झोपायचो. त्यानंतर फोमची जाडी. त्यानंतर रॉक प्लेट, म्हणजे तळव्यात घातलेला कडक पत्रा, जो दगडाचं टोक पायाला लागू देत नाही आणि त्याबरोबर जमिनीचा पत्ताही लागू देत नाही. त्यानंतर चवड्याची रुंदी. तोपर्यंत पहाटेचे धावायला निघणारे लोक उठलेले असायचे.

या सगळ्या विद्येची खोड अशी, की ती आल्प्सकडून आलेली आहे. खाचांचा रबरी तळ रुळवला तो विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने. १९३५ साली डोंगरावर त्याचे सहा सोबती गेले, त्याला पायातले कुचकामी बूट हेही एक कारण होतं. दोनच वर्षांत त्याने नवा तळ काढला. त्याच्या नावाआडनावाचे तुकडे जोडून झालेलं ‘व्हिब्रम’ आज निम्म्या बुटांच्या बुडाशी पिवळ्या अष्टकोनात दिसतं. माणसाबद्दल आदर आहे. पण त्याच्या आसपास बर्फ होतं, ग्रॅनाइट होता, पाइनची सुया पडलेली वाट होती. तिथल्या परीक्षणांत ‘ओला खडक’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जे असतं, त्यावर आमच्याकडे पापडही वाळत घालता येतील.

दुकान गाठलं ते पणजीचं. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि पन्नास किलोमीटरमध्ये तर जास्तच. म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा आणि अंगठ्यापुढे हाताचा अंगठा मावेल एवढी जागा ठेवायची. नाहीतर उतारावर नखं पुढे आदळून काळी पडतात. दुकानातला मुलगा हुशार होता.

“काका, कुठे धावणार?”

“कातळावर.”

“म्हणजे रॉक. मग हा घ्या, वॉटरप्रूफ आहे.”

“व्हाळ लागतो. गुडघाभर.”

“मग तर वॉटरप्रूफच.”

पाणी घोट्यावरून आत येतं, हे मी त्याला समजावलं. एकदा आत आलं की असा बूट त्याला कुठूनही बाहेर पडू देत नाही. मग पुढचा व्हाळ येईपर्यंत मागचा व्हाळ आपल्यासोबत चालतो. तो म्हणाला, “पण काका, पावसात छान आहे.” मी त्याला दोष देत नाही. दुकानात गालिचा होता आणि गालिच्यावर कुठलाही बूट छानच असतो.

पण एक गोष्ट त्याने खरी शिकवली. बुटाच्या अगदी वरच्या टोकाला, घोट्याशी, एक जास्तीचं भोक असतं. ते कशासाठी हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्याने खालच्या भोकातून बाहेर आलेली नाडी त्याच बाजूच्या या भोकात बाहेरून परत आत घेतली, दोन्ही बाजूंना छोटे फासे तयार झाले, डाव्या फाशातून उजवी नाडी, उजव्यातून डावी, आणि मागे खाली ओढलं. टाच जागच्या जागी बसली. पाय पुढे सरकेचना. इतकी वर्षं ती भोकं माझ्याकडे बघत होती.

बूट तिथे घेतले नाहीत, कारण हव्या त्या नंबरात नव्हते. दोन जोड ऑनलाइन मागवले, नको तो परत करायच्या बोलीवर. कुरिअरवाल्याला आमचं घर सापडलं नाही. ते एसटी थांब्याच्या टपरीवर ठेवले गेले आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाला त्यांची किंमत कळली. एका जोडाला पंधरा हजारांच्या आसपास. घरी शांतता होती. नंतर बायको एवढंच म्हणाली, “अहो, मांगर शाकारून झाला असता.”

आता माझ्या एका मित्राबद्दल. त्याला अनवाणी धावण्याची दीक्षा मिळालेली आहे. बुटांचा विषय निघाला की तो इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला बाहेर काढतो. १९६० साली रोमला बिकिलाने ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, तीही जागतिक उच्चांकासह. खरं आहे. १९६४ साली टोकियोला त्याने ती पुन्हा जिंकली, आधीपेक्षा तीन मिनिटं लवकर, बूट घालून. हा उत्तरार्ध मित्राच्या कथेत येत नाही. त्याचं दुसरं अस्त्र मेक्सिकोच्या रारामुरी जमातीच्या लोरेना रामिरेझचं. २०१७ साली ती पन्नास किलोमीटरची डोंगरी शर्यत महिला गटात सँडल घालून जिंकली. इथे माझ्याकडे उत्तर नाही. तिसरं अस्त्र मालवण तालुक्यातल्या कुडोपीचं. तिथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. “त्या कोरलेल्या माणसांच्या पायात बूट दिसतात का तुला?” असं तो विचारतो. शर्यतीतही तिथून धावायला मनाई करावी, एवढंच माझं त्यावर म्हणणं. मित्र स्वतः ठाण्याला राहतो आणि सोसायटीच्या बागेत धावतो.

बूट झाले की सामान. आयोजकांनी सक्तीच्या वस्तूंची यादी पाठवली: हेडटॉर्च, शिट्टी, पेला, मोबाइल, प्रथमोपचार आणि इमर्जन्सी ब्लँकेट. आल्प्समधल्या मोंब्लाँभोवती २००३ पासून होणारी ती प्रसिद्ध शर्यत, साधारण एकशे सत्तर किलोमीटर आणि दहा हजार मीटर चढाची, तिच्या यादीतही ब्लँकेट असतंच. तिथे अडीच हजार मीटर उंचीवर रात्री माणूस गारठतो, तेव्हा तो चंदेरी कागद जीव वाचवतो. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात तो अंगावर घेतला तर माणूस आत शिजेल. पण यादी ती यादी. मुलांनी घडी एकदा उघडली आणि त्यानंतर ती मूळ आकारात कधीच गेली नाही.

हेडटॉर्च लावून अंगणात आलो तर शेजारचे बापू म्हणाले, “कुर्ल्यांक चललंस काय रे?” त्यांना सांगितलं, शर्यत पहाटे अंधारात सुटते. ते गंभीर झाले. “फुरशां असतत सड्यार. आडवा नको जाव.” बुटावर चढवायचे कापडी गेटर्स दाखवले. ते रेती-खडे आत जाऊ नयेत म्हणून असतात, फुरशाचं त्यांच्याशी काही ठरलेलं नाही. पाय टाकायच्या जागी उजेड असणं, हाच काय तो उपाय.

बोटांचे मोजे, म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळी खोळ असलेले, बोटं एकमेकांवर घासून फोड येऊ नयेत म्हणून. आईने धुऊन वाळत घातले आणि दुपारी विचारलं, “हातमोजे कोणाचे रे?” त्यापुढची खरेदी मेडिकलमध्ये. घामाने भिजलेला बनियन तासन्तास छातीवर घासला की स्तनाग्रांतून रक्त येतं. लांब धावणाऱ्यांना हे ठाऊक असतं, इतरांना सांगायची सोय नसते. मी चिकटपट्टी मागितली.

“जखम केवढी आहे?”

“अजून झालेली नाही.”

“कुठे होणार आहे?”

मागे मुलीच्या वर्गशिक्षिका उभ्या होत्या. मी ओआरएसची पाकिटं द्या म्हणालो. तिथेही माझा फायदाच झाला. धावताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते तहानेपेक्षा जास्त धोक्याचं. त्यासाठी परदेशी गोळ्यांची नळी मी ऑनलाइन बघून ठेवली होती. पण ज्या पाकिटाने १९७१ साली डॉ. दिलीप महालनोबिसांनी बनगावच्या छावणीत कॉलऱ्याच्या साथीत निर्वासितांचे जीव वाचवले, त्याच जातीचं पाकीट इथे काउंटरवर सुट्या पैशांत मिळत होतं. शिवाय घरचं कोकमाचं आगळ होतं, त्यात मीठ-साखर घालून धावताना जे लागतं त्यातलं बरंच भागतं. मऊ बाटलीत भरलं की रंग मात्र असा दिसतो की बघणारा रक्ताच्या पिशवीची चौकशी करतो.

सगळं पाठीवरच्या जॅकेटवजा पिशवीत भरून वाण्याच्या काट्यावर ठेवलं. पाण्यासकट सव्वातीन किलो. वाणी म्हणाला, “काजी?”

निकाल लावला तो बापूंनी. दोन्ही जोड पडवीत मांडलेले होते. एकाला सहा मिलिमीटरचे दाते, दुसऱ्याला चारचे. ते उकिडवे बसले. अंगठ्याने आधी एकाचा तळ दाबला, मग दुसऱ्याचा. नख रुतवून बघितलं. मग काही न बोलता दोन बूट उचलून बावीकडे गेले, शेवाळलेल्या पायरीवर तांब्याभर पाणी ओतलं, पहिल्या बुटात हात घालून पायरीवर टेकवला आणि अंगाचा भार दिला. बूट सरकला. दुसरा टेकवला. तो बसला तिथेच बसला.

“ह्येची दाता लांब,” पहिल्याकडे बोट करून ते म्हणाले. “चिखलात रुततली. पण कातळार नुसती टोकां टेकतत. ह्येचा रबर मऊ आसा, सगळा तळ धरता. तू हो घाल.”

सगळी आल्पाइन परीक्षणं वाचून मला जे कळलं नव्हतं ते बावीच्या पायरीवर कळलं. लगेच दुसरीही गोष्ट कळली: दोन्ही बूट आता शेवाळाने हिरवे झाले होते आणि कंपनी वापरलेला माल परत घेत नाही.

बापूंनी लांब दात्यांचा बूट पायात चढवला. जन्मभर बंद बूट न घातलेला पाय, पंजा पसरट. पण मी अर्धा नंबर मोठा घेतला होता ना. बरोबर बसला. त्यांनी दुसराही मागून घेतला, दोन्ही घालून मेरेपर्यंत जाऊन आले, वळताना जरा नाचलेही.

“बागेत फवारणीक बरे. ह्ये माका दी. आता पैशे नाय, मे महिन्यात फणस देतंय.”

रात्री बायकोने विचारलं, परत पाठवायचा जोड कुठाय? मी सांगितलं, बापूंनी घेतला, फणसाच्या बोलीवर.

तिने ताट पुढे सरकवलं. “बापूंकडे फणसाचं एकच झाड आहे,” ती म्हणाली. “तेही बरक्याचं.”