वायपरची मोटार आणि घोड्यांचा तबेला

मायदेशातली वृत्तपत्रे इथे बसून वाचताना एक वाद वरचेवर भेटतो: जुगाड ही आपली प्रतिभा मानावी, की दर्जाशी केलेली तडजोड? टेक्सासमधल्या आमच्या शेजाऱ्यांचे गॅरेज पाहिल्यापासून मला हा प्रश्नच अर्धवट वाटू लागला आहे.

हे निवृत्त गृहस्थ नेमबाजीच्या सरावानंतर काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून आणतात आणि पुन्हा भरण्याआधी स्वच्छ करतात. (भारतात काडतुसे बनवायची तर १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, त्यामुळे तिकडे हा घरगुती छंद नव्हे.) पुंगळ्या स्वच्छ करण्याचे यंत्र इथे दुकानात सहज मिळते, यांनी मात्र जाड पीव्हीसी पाइपाचा तुकडा दोन्ही तोंडांना बंद करून गाडीच्या वायपरच्या मोटारीवर फिरता केला आहे. आत पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक काड्या. दोनेक तासांच्या खडखडाटानंतर काजळलेली पुंगळी समईसारखी लखलखते. आमची आईही चिंच-मीठ लावून पितळी तांब्या घासताना 'फार वेळ ठेवू नकोस, लालसर डाग पडतील' असे बजावत असे. आम्लात जास्त वेळ राहिलेल्या पितळेतले जस्त सुटते आणि तांबे वर दिसू लागते.

मी उत्साहाने अमोनिया असलेला क्लीनर सुचवला, तेव्हा ते हसून म्हणाले, "हा धडा तर तुमच्याच देशातला आहे." ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली की त्यांच्या पुंगळ्या तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण यांचा तो संयुक्त प्रताप होता, हे १९२१ मध्ये उलगडले. धातुशास्त्रात त्याला आजही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा.

म्हणजे पिंप आणि मोटार यांत वाटेल ती कल्पकता, पण रसायनाच्या बाबतीत अजिबात नाही. उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचे इंजिन लाकडी गाड्याला जोडून 'जुगाड' रस्त्यावर येते, तेव्हा आपण कौतुकही इंजिनाचे करतो आणि टिंगलही इंजिनाचीच. ब्रेकबद्दल दोन्ही पक्ष गप्प असतात.

पुंगळ्यांवरच्या काजळीत शिसे असते, म्हणून गढूळ पाणी ते वेगळ्या डब्यात साठवतात. सुकवण्यासाठी पत्नीचे फळे वाळवण्याचे जुने यंत्र मागून घेतले आहे, आणि त्याच्या झाकणावर लाल रंगात ठसठशीत लिहिले आहे: 'खाण्याच्या वस्तूंसाठी नाही'.