जेसिका रॉस्सीच्या ९९ तबकड्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इटलीच्या जेसिका रॉस्सीने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ट्रॅप या नेमबाजी प्रकारात (हवेत उडवलेल्या तबकड्या शॉटगनने फोडायच्या) १०० पैकी ९९ तबकड्या फोडून सुवर्ण जिंकलं. तिच्यावरच्या लेखावर तुमचे आक्षेप असे: शॉटगनमधून छर्ऱ्यांचा सडाच पडतो, वर प्रत्येक तबकडीला दोन बार मिळतात, मग १०० पैकी ९९ चं एवढं कौतुक कशाला? शिवाय तिची लोकप्रियता भूकंपाच्या सहानुभूतीतून आलेली. लंडननंतर ऑलिम्पिक पदक कुठे आहे?

दोन बार मिळतात ते फक्त पात्रता फेरीत. ४ ऑगस्ट २०१२ ला त्या फेरीत तिने ७५ पैकी ७५ फोडल्या. अंतिम फेरीत तबकडीला एकच काडतूस, आणि तिथे २५ पैकी २४. सवलत गेल्यावरही सुटली ती एकच. त्याच नियमांत तिच्यामागच्या तिघी ९३ वर थांबल्या आणि रौप्य-कांस्यासाठी शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारी जादा फेरी, घ्यावा लागला. ट्रॅपमध्ये सहा तबकड्यांची आघाडी म्हणजे फारच झालं.

आता छर्रे. २४ ग्रॅमच्या काडतुसात ते साधारण तीनशे असतात आणि ३५ मीटरवर त्यांचा फैलाव पाऊण मीटरच्या आसपास होतो. तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर, पण दूर जाताना दिसते ती बहुतेक तिची अडीच सेंटिमीटरची कड. छर्रे पोचेपर्यंत ती दोन मीटरहून जास्त पुढे सरकलेली असते, म्हणून नळी फिरती ठेवूनच चाप ओढायचा. हात थांबला की छर्रे मागून जातात. फुटली का हे बघायच्या घाईत गाल दस्त्यावरून उचलला, तर डोळा वर जातो आणि बार तबकडीच्या वरून. नुसती धूळ उडाली तर गुण नाही. तुकडा पडलेला दिसायला हवा.

त्यात दिशा आधी कळत नाही. नेमबाजांसमोरच्या खंदकात तबकड्या उडवणारी १५ यंत्रं, उभं राहायच्या प्रत्येक जागेसमोर तीन. नेमबाजाने आवाज दिला की त्या तिनांतल्या एकातून तबकडी सुटते. २५ च्या फेरीत १० डावीकडे, १० उजवीकडे, ५ सरळ. (मुरलेले नेमबाज उरलेल्यांचा हिशेब ठेवतात म्हणे, त्या नादात लक्ष गेलं की संपलं.)

भूकंपाचं म्हणणं अर्धं खरं आहे. मे २०१२ च्या धक्क्यांनी उत्तर इटलीतल्या तिच्या एमिलिया भागाची वाताहत केली होती, तिने पदक तिथल्या लोकांना अर्पण केलं आणि इटलीभर नाव झालं. पण २००९ मध्ये, १७ व्या वर्षी, ती जगज्जेती झालीच होती; पुढे २०१३ आणि २०१७ मध्येही झाली. टोकियोत सायकलपटू एलिया विवियानीसोबत इटलीचा ध्वज तिच्या हाती होता.

लंडननंतर ऑलिम्पिक पदक नाही, हे मान्य. फक्त एक लक्षात घ्या: २०१३ पासून पात्रतेचे गुण पुढे धरत नाहीत, अंतिम टप्पा शून्यापासून सुरू होतो. पात्रतेत ७५ पैकी ७५ मारणाऱ्या नेमबाजाला या बदलाचा फटका सगळ्यांत जास्त बसतो.