मेक्सिको पाचशे स्पॅनिशांनी जिंकलं? मग त्लाश्काला कुठे गेलं?

एक मजकूर सारखा फिरत असतो: ‘स्पॅनिश सरदार कोर्तेसने अवघ्या पाचशे सैनिकांनिशी लाखोंचं अ‍ॅझ्टेक साम्राज्य जिंकलं, कारण त्याच्याकडे बंदुका-घोडे होते आणि ते भोळे लोक त्याला देव समजले.’ मला हा मजकूर छळतो, कारण त्यातून खरे लढणारेच गायब आहेत.

‘पाचशे सैनिक.’ १५१९ मध्ये क्यूबाहून निघताना साधारण तेवढेच होते, सोबत १६ घोडे. पण १३ ऑगस्ट १५२१ रोजी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तितलान पडली, तेव्हा वेढ्यात स्पॅनिशांच्या कितीतरी पट स्थानिक योद्धे होते: त्लाश्काला, तेश्कोको, वेहोत्सिंगो या आसपासच्या नगरराज्यांचे.

यावर लगेच ‘म्हणजे फितुरीच’ असं म्हटलं जातं. फितूर होतो तो आपल्याच माणसांशी. त्लाश्काला मेशिकांच्या, म्हणजे अ‍ॅझ्टेकांच्या, राज्यात कधी नव्हतंच. चहूबाजूंनी कोंडलेलं ते स्वतंत्र राज्य होतं. नाकेबंदीमुळे तिथल्या लोकांना मीठ आणि कापूस मिळेनासा झाला होता. सप्टेंबर १५१९ मध्ये कोर्तेस आला, तेव्हा ते आधी त्याच्याशीच लढले, जिकिरीला आणेपर्यंत लढले. मग त्यांनी हिशेब मांडला आणि जुन्या वैऱ्याविरुद्ध या नव्या पाहुण्याला हाताशी धरलं. त्यांच्या जागी बसून पाहिलं, तर हे राजकारण आहे.

‘बंदुका आणि घोडे.’ ३० जून १५२० च्या रात्रीही ते होतेच. तरी मेशिकांनी स्पॅनिशांना राजधानीतून हुसकावलं. शेकडो स्पॅनिश आणि त्यांचे पुष्कळ त्लाश्कालन साथीदार मारले गेले. उरलेल्यांना आसरा मिळाला तो त्लाश्कालातच. सरोवरातलं शहर कोंडायला १३ नौका बांधल्या गेल्या, त्यांचे सुटे भाग डोंगर ओलांडून वाहून नेणारे खांदेही त्लाश्कालनांचेच. त्याच वर्षी देवीची साथ पसरली, मेशिकांचा नवा राजा क्वित्लावाक तिने गेला. तरीही शहर दोन महिन्यांहून अधिक झुंजलं.

‘देव समजले.’ कोर्तेसने आपल्या राजाला लांबलचक पत्रं लिहिली; ज्याचं रूप कोर्तेसला मानलं म्हणतात, त्या केत्साल्कोआत्ल देवाचं त्यांत नावही नाही. उलट आपण हाडामांसाचे आहोत, असं मेशिकांचा तेव्हाचा राजा मोक्तेसुमा त्यांत कोर्तेसला सांगतो. ‘परतलेल्या देवा’ची गोष्ट आकाराला आली ती काही दशकांनी, विजयानंतरच्या लिखाणातून.

१५६० मध्ये वेहोत्सिंगोच्या पंचांनी स्पेनच्या राजाला नावात्ल या स्थानिक भाषेत पत्र लिहिलं. आम्ही लढलो, खाऊ घातलं, नौकांसाठी लाकूड आणि डांबर दिलं, आणि आता आमच्यावरच एवढा कर का, अशी त्यांची तक्रार होती.